बाणापूर्वीचा क्षण : अंगणातील पक्षी आणि मराठी साहित्यविचार

१

भारतीय काव्यविचाराचा आरंभ एका पक्षिदर्शनात होतो, ही कथा आपल्याकडील पदव्युत्तर वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. तमसेच्या तीरावर आलेले वाल्मीकी क्रौंचांची जोडी पाहत असतात. निषादाचा बाण नराला लागतो. मादीच्या आक्रोशाने ऋषींच्या मनात शोक जागा होतो आणि त्या शोकाचा श्लोक होतो. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या प्रसंगाचा आधार घेऊन काव्याच्या आत्म्याची चर्चा केली. अभिनवगुप्ताने त्या शोकाचे स्वरूप अधिक सूक्ष्मपणे उलगडून, तो मुनींचा खाजगी शोक समजू नये असे बजावले. पुढे शतकानुशतके आपला साहित्यविचार या शोकाभोवती फिरत राहिला.

या साऱ्या चर्चेत एक क्षण मात्र जवळजवळ अस्पर्श राहिला आहे. तो आहे बाण सुटण्यापूर्वीचा. त्या क्षणी वाल्मीकी काय करीत होते? ते पाहत होते. एकमेकांना न सोडता हिंडणारी, गोड आवाजाची ती जोडी त्यांच्या दृष्टीस पडली होती आणि त्या दर्शनात कोणताही हेतू नव्हता. त्यांना त्या पक्ष्यांकडून निरोप नको होता, शकुन नको होता, उपमानही नको होते. निषाद आलाच नसता तर श्लोक झाला नसता, हे खरे. परंतु पाहणे झालेच होते. त्या पाहण्यातला आनंद कोणत्या जातीचा होता, हा प्रश्न आपल्या मीमांसेने फारसा विचारलेला नाही. तो क्रौंच नेमका कोणता पक्षी, हा प्रश्नही तसा उशिराच गंभीरपणे घेतला गेला. ज्यूलिया लेस्ली यांनी १९९८ मध्ये एका दीर्घ निबंधात तो सारस असल्याचे साधार प्रतिपादन केले. शोकाची मीमांसा करण्यासाठी पक्ष्याची ओळख पटण्याची गरज भासली नव्हती, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित क्षणाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी तमसेच्या तीरावर जाण्याची आवश्यकता नाही. ऐरोलीतील एका बैठ्या घरापुढे दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी मातीची जागा आहे. तीत एक पेरू, एक शेवगा, एक कढीलिंब आणि दोन जास्वंदी आहेत. तेथे येणारे पक्षी मी गेली बरीच वर्षे पाहते आहे. अशा पाहण्यातून मिळणारा आनंद हा फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून सोडून देता येईल. तसे न करता त्याला साहित्यविचाराचा विषय केले, तर मराठी साहित्यात पक्ष्याचे काय होते यावर काही प्रकाश पडेल, अशी माझी धारणा आहे.

२

सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत या आनंदाला प्रथमदर्शनी ‘निर्हेतुक’ म्हणण्याचा मोह होतो. कांटच्या सौंदर्यविचाराचा सांगोपांग परिचय रा. भा. पाटणकरांनी मराठी वाचकाला करून दिलेला असल्याने ही परिभाषा आपल्याला परकी नाही. १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात कांटने पक्ष्यांचा निर्देश दोन वेगवेगळ्या संदर्भांत केला आहे, आणि आपल्या दृष्टीने या दोहोंतील तणाव महत्त्वाचा आहे.

पहिल्या ठिकाणी तो पोपट, गुंजन पक्षी, स्वर्गपक्षी अशा पक्ष्यांना स्वतंत्र सौंदर्याची उदाहरणे मानतो. त्यांच्या सौंदर्याचा आस्वाद घेताना पक्षी कसा असावा, त्याचे प्रयोजन काय, या संकल्पनांची मध्यस्थी लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी तो एक किस्सा सांगतो. एका खाणावळीच्या मालकाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी झुडपात एक खोडकर मुलगा लपवून ठेवला. बोरूच्या पाव्यावर नाइटिंगेल पक्ष्याची हुबेहूब नक्कल करणे हे त्याचे काम. पाहुणे तल्लीन झाले. परंतु फसवणूक उघडकीस येताच तेच स्वर कोणाला ऐकवेनात. वास्तविक स्वर बदलले नव्हते. बदलली होती ती श्रोत्यांची एक श्रद्धा : गाणारा पक्षी खरोखर तेथे आहे आणि तो आपल्यासाठी गात नाही, ही.

निखळ सौंदर्यनिर्णयाला वस्तूच्या अस्तित्वाशी कर्तव्य नसते, असे सांगणारा कांट निसर्गसौंदर्याच्या बाबतीत मात्र वस्तूच्या अस्तित्वातच आपल्याला रस असतो हे मान्य करतो. अंगणातील पक्ष्याच्या आनंदाचे स्वरूप समजून घेण्यास हा दुसरा कांट अधिक उपयुक्त आहे. पेरूच्या फांदीवर सकाळी दयाळ शीळ घालतो तेव्हा मला जे सुख होते, त्यात स्वरांच्या रचनेचा वाटा आहेच. त्याहून मोठा वाटा मात्र दयाळ तेथे आहे आणि त्याचे तेथे असणे माझ्यावर अवलंबून नाही, या जाणिवेचा आहे. तो आपल्या हद्दीची ग्वाही देतो आहे. माझ्या मालकीच्या झाडावर बसून तो ते झाड स्वतःचे असल्याचे जाहीर करतो.

येथे अंगण या स्थळाचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. अरण्यात आपण पाहुणे असतो. तेथील पक्षी आपला नाही हे सांगावे लागत नाही. पिंजऱ्यातला पक्षी आपलाच असतो; तो आपला नाही असे म्हणता येत नाही. अंगणात मात्र जागा आपली आणि येणारा आपला नाही, अशी स्थिती निर्माण होते. मी झाड लावते, पाणी घालते, उन्हाळ्यात मातीचे पसरट भांडे भरून ठेवते. पक्षी या साऱ्याचा उपयोग करतो आणि त्यामागील माझ्या हेतूची दखलही घेत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली, त्यांत ‘हे माझे’ आणि ‘हे दुसऱ्याचे’ या भावनांत अडकून पडणे हे एक प्रमुख विघ्न आहे. नाट्यगृहात हे विघ्न नटाच्या वेषाने आणि रंगभूमीच्या विधींनी दूर होते. अंगणात ते पक्षी दूर करतो. काही क्षण मालकाला आपल्या मालकीचा विसर पडतो. आणि मालकी ज्या जागेवर सर्वाधिक दृढ असते त्याच जागी तो पडतो, म्हणून त्या सुखाला धार येते.

यातून समीक्षेसाठी एक साधी कसोटी हाती लागते. एखाद्या संहितेत पक्षी आला, की तेथे त्याला स्वतःचे काम करीत राहण्यास जागा उरते काय? की वाक्य पूर्ण होताच तो लेखकाच्या कामाला लागतो?

३

या कसोटीवर आपली परंपरा पाहू लागल्यास पक्षी बहुधा चिन्ह म्हणून येतो असे दिसते. ज्ञानदेवांच्या प्रसिद्ध विरहिणीतील कावळा शकुन सांगणारा आहे, आणि नायिका त्याला नाना आमिषे दाखवते ती प्रियाच्या वार्तेसाठी. दहाव्याच्या पिंडाभोवतीचा कावळा मृताच्या इच्छेचा वाहक असतो. काऊ-चिऊच्या गोष्टीत शेणाचे घर आणि मेणाचे घर ही दोन स्वभावांची घरे आहेत. जनाबाईंच्या अभंगात पिलांसाठी चारा आणणारी पक्षीण विठ्ठलाच्या मातृत्वाचे उपमान होते. हा त्या संहितांचा दोष नव्हे. विरहिणीला कावळ्याचा स्वभाव जाणून घ्यायचा नसतो आणि जनाबाईंना पक्षिशास्त्र लिहायचे नसते. चिन्हव्यवस्थेची ही समृद्धी आपला ठेवा आहे. मात्र तिच्या सवयीमुळे पक्षी दिसताच ‘याचा अर्थ काय’ असे विचारण्याची जी प्रवृत्ती आपल्या वाचनात मुरली आहे, तिची दखल घ्यावयास हवी.

या संदर्भात बहिणाबाई चौधरींच्या सुगरणीच्या खोप्यावरील कवितेचे उदाहरण विशेष विचारणीय आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या या कवितेत झाडाला टांगलेला खोपा, त्याचे विणकाम, पिलांसाठीची माया आणि हात नसताना केवळ चोचीने केलेली कारागिरी यांचे कौतुक आहे. कवितेतील कर्ती अर्थातच मादी आहे. दुसरीकडे, सालिम अली १९३० मध्ये जर्मनीतील अभ्यास संपवून परतले तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी राहिली नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम येथील घरी राहावयास गेले आणि तेथे त्यांनी घराजवळील सुगरणींच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. त्यातून जे दिसले ते आज सर्वमान्य आहे. घरटे नर विणतो. ते अर्धवट झाले की मादी येते, आत शिरून पाहणी करते, पसंत पडले तर तेथे राहते. नर ते पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणावयास घेतो.

मग बहिणाबाईंची कविता खोटी ठरते काय? हा प्रश्न वर्गात विद्यार्थी हमखास विचारतात, आणि ‘काव्यसत्य वेगळे, वस्तुसत्य वेगळे’ असे ठरीव उत्तर देऊन आपण तो मिटवतो. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण त्यात बहिणाबाईंच्या दृष्टीवर अन्याय होतो. खोप्याचे त्यांचे निरीक्षण चोख आहे : त्याचे लोंबणे, त्याची वीण आणि चोच या एकाच हत्यारावर चाललेले काम. चूक झाली असेल तर ती डोळ्यांनी केलेली नाही. ती भाषेने आधीच करून ठेवलेली आहे. मराठीने या पक्ष्याला ‘सुगरण’ हे नाव दिले त्या क्षणीच विणणारी बाई ठरली. घर उभारण्याचे, निगुतीचे काम बाईचेच, ही समाजव्यवस्था नामातून पक्ष्यावर आरोपित झाली आणि कवितेने ती भाषेकडून जशीच्या तशी घेतली. नर आणि मादी एरवी दिसावयास जवळजवळ सारखे. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर पिवळा रंग चढतो तेवढाच ठळक फरक. तेव्हा ‘पिवळे डोके असलेलाच विणतो आहे’ हे ध्यानात येण्यासाठी भाषेने दिलेला अर्थ क्षणभर बाजूला ठेवून पाहत राहणे आवश्यक असते. किहीमला जे घडले ते हे. कवितेचे मोल त्याने उणे होत नाही. उलट कवितेत डोळ्यांचे काय आणि भाषेचे काय, हे वेगळे करून वाचण्याची सोय होते. पक्षिनिरीक्षण हे समीक्षेला उपकारक ठरते ते असे.

४

पाहणे आणि भाषा यांतील हा तणाव गद्यात अधिक स्पष्ट होतो. आपल्या प्रदेशातील घर-अंगणाच्या निसर्गलेखनाचे एक आद्य उदाहरण इंग्रजीत आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकन, जे ‘एहा’ या नावाने लिहीत, १८५१ मध्ये सातारा येथे जन्मले. मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात त्यांनी नोकरी केली आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक त्याच वर्षीचे. बंगल्यात आणि त्याच्या आवारात वावरणारे उंदीर, पाली, कावळे, चिमण्या या जणू सरहद्दीवरच्या टोळ्या आहेत आणि लेखक त्यांच्याविषयीचे परराष्ट्र धोरण आखतो आहे, अशी त्या पुस्तकाची विनोदी मांडणी. साम्राज्याच्या सरहद्द-धोरणाची त्यात थट्टा आहे आणि ती आजही वाचनीय आहे. तथापि शीर्षकातील ‘माझी सरहद्द’ या शब्दांचे व्याकरण थट्टेनेही बदलत नाही. पाहणारा मध्यभागी, पाहिले जाणारे सीमेवर. त्याचा प्रदेश, त्यांची घुसखोरी. पुढे १९०० मध्ये आलेल्या ‘द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे’मध्ये तेच एटकन शहरवासीयाला रोज दिसणाऱ्या पक्ष्यांची ओळख करून देतात, तेव्हा टोळीचा शेजारी होण्याच्या दिशेने एक पाऊल पडलेले दिसते.

मराठीत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांच्या लघुनिबंधाने क्षुल्लक आणि घरगुती विषयांना प्रतिष्ठा दिली. अंगणातल्या पक्ष्याला साहित्यात प्रवेश मिळण्यास हा प्रकार सर्वांत सोयीचा होता. परंतु लघुनिबंधाचा रूपबंधच असा, की विषय हे निमित्त आणि ‘मी’ हा आशय. वस्तूवरून सुरू झालेले चिंतन लेखकाच्या स्वभावावर येऊन थांबते. तेथे सरहद्द नसली तरी बैठकीची खोली आहे, आणि पक्षी तेथे गप्पांचा विषय म्हणून येतो.

ही चौकट बदलली ती दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने. १९५६ च्या या पुस्तकात चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांचा क्रम हाच रचनेचा कणा आहे. तेथे ‘मी’ आहे; परंतु कालगती त्याच्या हातात नाही. फुलणे, गळणे, परतणे या क्रिया त्याच्या मनःस्थितीची वाट पाहत नाहीत. पाहणाऱ्याने आपले वेळापत्रक झाडाच्या वेळापत्रकाला जोडून घ्यावे लागते. अंगणातील निरीक्षणाचाही हाच मुख्य नियम आहे. तेथे नवे असे फारसे काही दिसत नाही. तोच बुलबुल, तोच शिंजीर, तीच साळुंकी. सुख असते ते पुनरावृत्तीत सूक्ष्म भेद जाणवण्याचे, आणि ते एखाद्या रागाची तीच बंदिश पुन्हा ऐकण्याच्या सुखाशी अधिक नाते सांगते.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनाने दुसरी दिशा दाखवली. त्यांच्या ‘पक्षी जाय दिगंतरा’ या पुस्तकाचे शीर्षक वर उल्लेखिलेल्या जनाबाईंच्या अभंगातले आहे. पण अभंगात जो पक्षी उपमान होता तो या पुस्तकात पक्षी आहे. शीर्षक आणि ग्रंथ यांतील हे अंतर मराठी संवेदनशीलतेतील एका स्थित्यंतराची खूण मानावयास हरकत नाही. चितमपल्लींनी ढीवर, पारधी आणि आदिवासी यांच्याकडून शब्द वेचले आणि ज्ञान एका बंगल्यात नसते हे दाखवून दिले. मात्र त्यांचा पक्षी अरण्यातला आहे, आणि वाचकाचे त्याच्याशी नाते प्रवासी आणि अद्भुताचे राहते. किरण पुरंदरे यांनी आपल्या एका पुस्तकाच्या शीर्षकात पक्ष्यांना ‘सख्खे शेजारी’ म्हटले, त्या शब्दयोजनेकडे म्हणूनच लक्ष वेधावेसे वाटते. अतिथीला सत्कार लागतो, आश्रिताला दया लागते. शेजारी मात्र स्वतःच्या घरी राहतो. त्याच्याशी आपले नाते भिंतीच्या दोन्ही बाजूंनी असते.

५

शेजाऱ्याला नाव असते. अंगणातील निरीक्षणाचा आरंभ नामातून होतो आणि मराठीत ही नामे विलक्षण आहेत. माझ्या जास्वंदीत शिंपी वावरतो, शेवग्यावर तांबट ठोके घालतो. याखेरीज सुतार, धोबी, खाटीक, कोतवाल आहेतच. भारद्वाजाला कुंभारकावळा असेही नाव आहे. त्रिं. ना. आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाड्या’त ज्या ग्रामव्यवस्थेचे वर्णन केले, तिची प्रतिकृतीच जणू आपल्या पूर्वजांनी झाडांवर वसवली. इंग्रजीतही शिंपी आणि तांबट सापडतात. परंतु पंचक्रोशीचा एवढा भरलेला नकाशा आपल्याकडे आहे.

ऐरोलीसारख्या वसाहतीत या नामांना एक वेगळा अर्थ प्राप्त होतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या या नगरात पत्ता सेक्टर आणि भूखंड यांच्या क्रमांकांनी सांगतात. येथे बलुतेदारांची आळी नाही. शिंपी आणि तांबट उरले ते झाडावर. तथापि या योगायोगात रमून जाणे धोक्याचे आहे. ही नामे निरागस नाहीत. काट्याला भक्ष्य टोचून ठेवणाऱ्या पक्ष्याला ‘खाटीक’ म्हणताना आणि घर विणणाऱ्या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणताना भाषा जातीची आणि लिंगाची व्यवस्था पक्ष्यांवर लादते, आणि मग तीच व्यवस्था ‘नैसर्गिक’ म्हणून आपल्याकडे परत येते. पाहण्याचा आनंद नामापासून सुरू होतो. पण तो टिकतो नाम अपुरे पडते तेव्हा. शिंपी वर्षातले थोडे दिवस शिवतो. एरवी तो शेपटी उभारून किडे टिपत हिंडतो आणि आपल्या मुठीएवढ्याही नसलेल्या देहातून सबंध आवारात ऐकू जाईल असा आवाज काढतो. त्याच्या दिवसाचा बहुतांश भाग त्याच्या नावात नाही.

आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. ज्या मातीला मी ‘माझे अंगण’ म्हणते ती ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांच्या शेतीची, खाजणांची आणि मिठागरांची भूमी. नवी मुंबईच्या उभारणीसाठी ती संपादित झाली. योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जण गोळीबाराला बळी पडले. ऐरोली, दिवा, राबाडे ही गावठाणे आजही सेक्टरांच्या कडेला आहेत. तेव्हा पक्षी माझी मालकी मानत नाही यात मला जे सुख होते, त्याला एक अस्वस्थ बाजू आहे. ज्यांची मालकी कागदावरून पुसली गेली त्यांना हे सुख या शब्दांत सांगता येणार नाही. मध्यमवर्गाचा निर्हेतुक आनंद कोणाच्या तरी हेतूंच्या पराभवावर उभा असू शकतो. या जाणिवेने आनंद रद्द होत नाही. परंतु तो निष्पाप असल्याचा दावा करण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

६

आता बाणाकडे वळावयास हवे. एका पावसाळ्याच्या तोंडाशी शिंप्याच्या जोडीने जास्वंदीची तीन पाने एकत्र शिवून घरटे केले. पानांच्या कडांना बारीक छिद्रे, त्यांतून ओवलेले कापसाचे आणि कोळिष्टकाचे धागे, धागा निसटू नये म्हणून बाहेरच्या टोकाला पिंजून केलेली गोंडी. ते मला खिडकीतून दिसत असे. अंडी उबली, पिले झाली, दोघांच्या खेपा सुरू झाल्या. मी वेळ ठरवून पाहू लागले आणि नकळत ती पिले ‘माझी’ म्हणू लागले.

एके सकाळी भारद्वाज आला. आपल्याकडे त्याचे दर्शन शुभ मानतात. घराबाहेर पडताना तो दिसला तर काम होते असे माझी आई सांगे. तांबूस पंख आणि लाल डोळे घेऊन तो जड पावलांनी जास्वंदीत शिरला आणि त्याने घरटे फाडून पिले खाल्ली. शिंप्याची जोडी टाहो फोडीत त्याच्याभोवती फिरत होती. मी दार उघडून बाहेर धावले तोवर सारे आटोपले होते. माझ्या तोंडून एक शिवी गेली. माझ्या अंगणात तेवढीच शापवाणी झाली. श्लोक झाला नाही.

वाल्मीकींना शाप देण्यासाठी निषाद होता. माझ्यासमोर कोणीही नव्हते. भारद्वाजालाही पिले होती की नव्हती, याने काही फरक पडत नाही; तो आपले पोट भरीत होता. शुभशकुन आणि मारेकरी ही दोन्ही नामे मी त्याला दिलेली. तो दोहोंपैकी कशाच्याही बाहेर होता. त्या दिवशी जे हरवले त्याचा शोक मला झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या शोकात ‘माझी’ या शब्दाचा वाटा किती होता, हेही नंतर कळले. नवव्या-दहाव्या दिवशी शिंपी पुन्हा ओरडू लागला. या वेळी जोडीने कढीलिंबामागच्या, खिडकीतून न दिसणाऱ्या कोपऱ्यात ये-जा सुरू केली होती. घरटे मी शोधावयास गेले नाही. मला फक्त खेपा दिसत आणि आवाज येई, आणि तेवढे पुरे होते. पहिल्या घरट्याच्या वेळी माझ्या पाहण्यात जो अधीर ताबा होता तो आता नव्हता. माझ्या मते पाहण्याचा आनंद शुद्ध होतो तो असा. तो गोड असतोच असे नाही, पण तो खरा असतो.

आपल्या लिखित संस्कृतीला मात्र बाणाची गरज अजूनही भासते. ऐरोलीच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. तिच्या एका भागाला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले, २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या यादीत गेली. ऐरोलीतच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तेथून नावेने रोहित पाहावयास जाता येते. हजारोंच्या संख्येने येणारे ते गुलाबी पक्षी या शहराचे मानचिन्ह झाले आहेत. तरीही वृत्तपत्रांत ते सर्वाधिक ठळकपणे आले ते २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मरण पावले तेव्हा. मानचिन्ह म्हणून किंवा मृत म्हणून, अशा दोन दारांनीच पक्षी मजकुरात शिरतो. चिखलात मान वाकडी करून, चोच उलटी धरून, गाळातले सूक्ष्म जीव तासन्‌तास गाळीत बसलेला रोहित, म्हणजे बहुतेक वेळ जो रोहित असतो तो, बातमी होत नाही आणि कविताही होत नाही.

साहित्याने शोक सोडावा, असे येथे सुचवावयाचे नाही. शोकाला आपल्या परंपरेने जे गांभीर्य दिले त्याचे मोल वादातीत आहे. म्हणणे एवढेच आहे, की शोकाला अर्थ येतो तो आधीच्या पाहण्यामुळे. वाल्मीकींनी त्या जोडीला निवांतपणे पाहिले नसते तर बाणाने काय तुटले हे त्यांना कळलेच नसते. निषादाप्रमाणे त्यांनाही एक भक्ष्य पडलेले दिसले असते. करुणाची पूर्वअट असणाऱ्या या पाहण्याला आपल्या मीमांसेत नाव नाही, कारण त्यात काही ‘घडत’ नाही. ज्या काळात बाण वारंवार सुटत आहेत आणि काय तुटले हे सांगता येणारे डोळे विरळ होत आहेत, त्या काळात मीमांसेतील ही उणीव निव्वळ शास्त्रीय राहत नाही.

हे लिहीत असताना बाहेर पाण्याच्या भांड्यावर दोन बुलबुल उतरले आहेत. एक पाण्यात बसून पंख झाडतो आहे, दुसरा कठड्यावर थांबून आपली पाळी येण्याची वाट पाहतो आहे. यातून कोणताही निष्कर्ष निघत नाही. भांड्यातले पाणी निम्मे सांडले आहे. ते पुन्हा भरावयास हवे.